हलणाऱ्या जमिनीवर पटिंग ग्रीन

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत घर घेतलंय, मागे ४० बाय २५ फुटांचं अंगण आहे, त्यात कृत्रिम गवताचं पटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू हलकेच ढकलून होलात घालायच्या सरावाची हिरवळ, करायचंय. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो लॉन खरवडू, दोन इंच वाळू टाकू, वर टर्फ (कृत्रिम गवत) अंथरू, पाच होल, दोन दिवसांत काम. दुसऱ्याचा आकडा त्याच्या दुप्पट. फरक कशाचा, आणि सुट्टीच्या दिवसांत स्वतः करता येईल का? शिवाय नाशिकहून येणारे वडील रोज सकाळी अनवाणी चालतात, त्यांना हे गवत चालेल का?

दुप्पट आकडा गवताचा नाही, गवताखालच्या कामाचा आहे. स्वतः करता येईल, पण दोन दिवसांत नाही, आणि वाळूवर तर नाहीच. वडिलांचं पुढे सांगतो.

मी गेली पंधरा वर्षं याच पट्ट्यात, प्लेनो ते प्रॉस्पर, लोकांची अंगणं करून देतो. त्याआधी सिव्हिलचा डिप्लोमा करून परभणी-जालन्याकडे कालव्याच्या कामावर सुपरवायझर होतो. इथे आल्यावर पहिल्यांदा एका अंगणात कुदळ मारली आणि ढेकूळ हातात घेतलं, तर तेच ते! काळं, चिकट, ओलं असताना बुटाला किलोभर चिकटणारं, वाळलं की दगड. रेड नदीजवळून निघून सॅन अँटोनियोपर्यंत उतरणारा जो ब्लॅकलँड प्रेअरीचा पट्टा आहे, त्यातली माती आणि आपली काळी कापसाची माती शास्त्राच्या हिशोबाने एकाच जातीच्या, व्हर्टिसॉल. पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसते आणि भेगाळते. ऑगस्टात इथल्या लॉनला पडलेल्या भेगेत मी अख्खा हात मनगटापर्यंत घातलेला आहे. परभणीत मे महिन्यात वेगळं काय असतं?

म्हणून इथल्या पटिंग ग्रीनचा प्रश्न गोल्फचा कमी आणि मातीचा जास्त आहे. आपल्याकडे या मातीवर कालवा काढायचा तर अस्तर थेट तिच्यावर टाकत नाहीत. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर मध्ये द्यायची पद्धत बसवली, आणि काही ठिकाणी तो थर मीटरभर जाड द्यावा लागतो. आता तुम्ही अंगणात मीटरभर खोदणार आहात का? नाही. मीही खोदत नाही. सहा इंच खोदून ही जमीन थोपवता येत नाही, हे आधी मान्य करायचं. ग्रीन हलणार आहे. आपल्या हातात एवढंच की ते सगळीकडे सारखं हलावं, आणि हललं तर उघडून पुन्हा सपाट करता यावं. पुढची सगळी लांबण या एका गोष्टीसाठी आहे.

हे शहाणपण मला माझ्याच चुकीने आलं. पहिलं ग्रीन मी दणकट केलं. बेस उत्तम दाबला, टर्फ पक्कं चिकटवलं, आणि चार कप (होलात बसवायचे पेले) काँक्रीटच्या चांगल्या फूटभर खोल गोळ्यांत बसवले, म्हणजे जन्मात हलू नयेत. कोरडा उन्हाळा गेला, ऑक्टोबरात पाऊस झाला, आणि मालकाचा फोन आला की होलभोवती उंचवटे आलेत. जाऊन पाहिलं तर चारही कप कुत्र्याच्या छत्रीसारखे वर उठलेले. काँक्रीटचा तळ बेसमधून आरपार काळ्या मातीत गेला होता, आणि माती फुगली तशी तिने ते गोळे नेमके वर ढकलले होते. चेंडू होलपाशी येऊन चढावर थबकायचा आणि बाजूने निघून जायचा. टर्फ चिकटवलेलं, वर हजारेक पौंड वाळू भरलेली. उघडायचं कसं? फाडावंच लागलं. खर्च माझ्या खिशातून गेला.

आता तुमच्या अंगणाकडे.

जागा ठरवताना लोक खिडकीतून काय दिसेल ते बघतात. तुम्ही सावली बघा. जुलै-ऑगस्टात हवेचा पारा १०० फॅरनहाइटला असतो तेव्हा उन्हातलं टर्फ १५० च्या पुढे जातं, म्हणजे ६५ सेल्सिअसच्या वर. पाणी मारलं की निवतं, पण थोडाच वेळ. घराच्या पूर्वेला दुपारनंतर सावली येते, तो कोपरा असेल तर तोच घ्या. वडिलांना सकाळी आठपर्यंत काही त्रास नाही, दुपारी मात्र अनवाणी पाऊलही टाकू देऊ नका. खरं तर ४० बाय २५ मधला निम्माच भाग ग्रीनला द्या आणि उरलेलं खरं लॉन त्यांच्यासाठी राहू द्या. पायाखाली दव लागणं वेगळंच.

दुसरं, खिडक्या बघा. तुमच्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही. हल्लीच्या ऊर्जा वाचवणाऱ्या दुहेरी काचा ऊन परतवतात, आणि काच किंचित आत वाकलेली असली तर ते ऊन भिंगासारखं एका पट्ट्यात गोळा होतं. अशा पट्ट्याखाली टर्फ अक्षरशः वितळतं, इस्त्री ठेवल्यासारखं. उन्हाच्या दिवशी दर दोन तासांनी अंगणात चक्कर मारा आणि लॉनवर झगझगीत आडवी रेघ कुठे सरकते का ते पाहा. दिसली तर त्या खिडकीला बाहेरून जाळी लावा, काम भागतं.

तिसरं, झाड. मोठा लाइव्ह ओक असेल तर त्याच्या फांद्या जिथवर पसरल्यात तिथवर जाऊ नका. मुळं जमीन वर उचलतात ते वेगळंच, उन्हाळ्यात ती एका बाजूचं पाणी ओढून घेतात आणि ग्रीन त्या अंगाला खचतं.

चौथं घराचा पाया, आणि इथे मी हट्टी आहे. इथली बहुतेक नवी घरं पोस्ट-टेन्शन स्लॅबवर, म्हणजे आतल्या पोलादी तारा ताणून घट्ट केलेल्या काँक्रीटच्या लादीवर, बसलेली असतात आणि उन्हाळ्यात लोक पायाभोवती झिरपणारी नळी लावून माती ओलसर ठेवतात. नव्याने आलेल्या मंडळींना हसू येतं की घराला पाणी काय घालता, पण ते बरोबरच आहे. पायापासून पहिल्या दहा फुटांत जमीन निदान सहा इंच उतरती हवी. तो उतार तुमच्या ग्रीनपायी बिघडता कामा नये. भिंतीपासून पाच फूट तरी सोडा, नळी तशीच राहू द्या, आणि विटांच्या तळओळीत मुद्दाम ठेवलेल्या फटी खडीने बुजवू नका.

परवानगीचं थोडक्यात. सोसायटीच्या आर्किटेक्चरल कमिटीकडे नकाशा आणि टर्फचा नमुना पाठवा, उत्तराला महिना धरा. खोदायच्या निदान दोन कामाचे दिवस आधी ८११ या नंबरवर फोन करून कळवा. फुकट आहे. ते येऊन गॅसला पिवळी, विजेला लाल, पाण्याला निळी अशा रंगाच्या खुणा करून जातात. तुमच्या स्प्रिंकलरचे पाइप मात्र ते दाखवत नाहीत. ते तुमचे तुम्ही शोधायचे, बहुतेक वेळा फावड्याने आणि शिव्या देत.

आता मोजमाप. टर्फचे रोल सहसा १२ किंवा १५ फूट रुंदीचे येतात. १५ चा रोल घ्या आणि ग्रीनची आखणी अशी करा की चेंडू फिरणारा सगळा भाग एकाच तुकड्यात बसेल, १५ बाय ३० मध्ये कोयरीसारखा आकार. मध्ये सांधा नको. सांधा कितीही सफाईने मारला तरी एखाद्या वर्षी तो जाणवतोच. गोलाई कापून ग्रीन साधारण ३८० चौरस फूट राहील, भोवती दीडेक फुटांची थोडं उंच गवत असलेली किनार, म्हणजे सगळं मिळून ५०० धरा.

५०० चौरस फूट, सहा इंच खोल, म्हणजे जागेवरची सव्वानऊ घनयार्ड माती. खोदली की फुलते, बारा यार्ड होते. ती टाकायची कुठे हे खोदायच्या आधी ठरवा. उलट दिशेने आत येणार चार इंच खडीचा बेस आणि दीड इंच चुरी, दोन्ही मिळून पंधरा टनांच्या आसपास. हातगाडीत एका वेळी तीनशे पौंड धरले तर शंभर फेऱ्या. हे ऐकून छोटं बॉबकॅट (माती उचलायचं यंत्र) भाड्याने आणायचा विचार मनात आला तर तो योग्य विचार आहे. फक्त फाटकाची रुंदी मोजा.

खोदण्याआधी लॉन मारायला हवं, आणि इथे आपली जुनी ओळख भेटते. इथल्या लॉनमधलं बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी. गणपतीला एकवीसची जुडी वाहतो ती दूर्वा हीच. शेतकऱ्याला विचारा हरळी कशी असते. एक कांडी राहिली तरी पुन्हा उठते, आणि टर्फच्या कडेखालून आत शिरते. हिरवीगार वाढत असतानाच तणनाशक मारायचं, दोन आठवडे थांबायचं, फुटवे दिसले की पुन्हा मारायचं. सुकलेल्या गवतावर मारून उपयोग नाही. लव्हाळा असेल तर आणखी जपून, त्याचा कोंब टर्फ भोसकून वर येतो. त्याच्या गाठी मातीसकट उपसून काढा. आणि भाद्रपद जवळ असेल तर फवारलेल्या जागी पाटी लावा. डॅलसात गणपतीच्या आदल्या दिवशी कोण कोणाच्या लॉनमधून दूर्वा खुडेल सांगता येत नाही.

खोदायला दिवस निवडा. माती चिखल असताना खोदलीत तर ती लादीसारखी घोटली जाते, भेगा पडेपर्यंत सुकू दिलीत तर पुढच्या पावसात सगळी भूक एकदम भागवेल. पाऊस पडून चार-पाच दिवस झालेत, मुठीत दाबली तर गोळा होतो पण हाताला चिकटत नाही, ती वेळ. खोदलेला तळ उघडा टाकून महिनाभर गावाला जाऊ नका.

तळालाच उतार द्या. दहापैकी आठ ठिकाणी चुकलेलं मला हेच दिसतं. लोक सपाट खड्डा करतात आणि वरच्या थराला उतार देतात. पाणी खडीतून खाली जातं, काळी माती ते पटकन खाली जिरू देत नाही, आणि तुमच्या ग्रीनखाली बाथटब तयार होतो. त्या टबाखालची माती फुगत राहते. म्हणून काळ्या मातीचा तळच घरापासून दूर दीड-दोन टक्के उतरता करायचा, खालच्या कडेला चर काढून चार इंची छिद्रांचा पाइप कापडात गुंडाळून टाकायचा, आणि तो गल्लीकडे किंवा रस्त्याच्या कडेला काढायचा. शेजाऱ्याच्या कुंपणाखालून अजिबात नाही. पावसाचं वाहतं पाणी वळवून दुसऱ्याच्या जागेचं नुकसान करणं टेक्सासच्या कायद्यात बसत नाही, आणि शेजारधर्मातही.

तळ दाबून झाला की त्यावर जिओटेक्स्टाइल कापड. कडांना सहा-आठ इंच वर चढवा. कापड नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत खडी खाली आणि चिखल वर अशी अदलाबदल होते. कालव्याच्या कामावर हे डोळ्यांनी पाहिलंय.

मग खडी. पाऊण इंची, बारीक कणांसकट फोडलेला चुनखडीचा दगड, इथे फ्लेक्स बेस म्हणतात. चार इंच एकदम ओतून दाबू नका. दोन-दोन इंचांचे थर, प्रत्येकावर पाणी शिंपडून प्लेट कॉम्पॅक्टर तीनदा, आडवा-उभा. दाबल्यावर बुटाची टाच आपटली तर ठसा उमटता कामा नये. त्यावर चुरी. पाव इंचाखालचे स्क्रीनिंग्ज किंवा डीकम्पोज्ड ग्रॅनाइट, जो आपल्या मुरमाचा चुलतभाऊच आहे. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरची वाळू का नको, तर वाळूचे कण गोल असतात, एकमेकांत अडकत नाहीत. माणूस चालला की सरकतात, महिन्याभरात पावलांचे खळगे. चुरीचे कण टोकदार, पाण्यासोबत दाबले की बसतात.

आता खरी मजा, आकार देणं. इथे हौस आवरा. टीव्हीवर दिसणारे मोठे चढउतार अंगणात आणू नका, आणि आणलेच तर आकडा माहीत असू द्या. स्टिंपमीटरवर (ग्रीनचा वेग मोजायची पट्टी, पुढे सांगतो) दहा येणाऱ्या ग्रीनवर सपाटीला दहा फूट जाणारा चेंडू दोन टक्के उतारावर खाली मारला तर सव्वातेरा फुटांवर जाऊन थांबतो, चार टक्क्यांवर वीस फुटांच्या आसपास. तीस फुटांच्या ग्रीनवर वीस फूट म्हणजे चेंडू गुलाबाच्या वाफ्यात. म्हणून संपूर्ण ग्रीनला एका दिशेने दीड टक्का, म्हणजे दहा फुटांत दोन इंचाला थोडं कमी. मागच्या कोपऱ्यात एक लांबट उंचवटा, तोही तीन टक्क्यांच्या आत. होलभोवती तीन-तीन फूट जवळजवळ एकच सरळ उतार, मध्ये वळण नको. एवढ्यावरही तुम्ही वर्षभर चकाल. व्यावसायिक टूरवरचे गोल्फ खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच घालतात.

उतार मोजायला लेझर नसेल तर पाण्याची नळी आणि सुतळी पुरे. लांब सरळ फळी चुरीवरून ओढायची, खळगा दिसला की मूठभर चुरी, पाणी, पुन्हा दाबणं. हे कंटाळवाणं आहे आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. मी दोन गोष्टी कधीही चुकवत नाही. एक, अंधार पडल्यावर टॉर्च जमिनीला टेकवून आडवा प्रकाश टाकतो. दिवसा अंगण तुम्हाला फसवतं, रात्री आठाणीएवढ्या खळग्याचीही सावली पडते. दुसरी, गवत नसताना उघड्या चुरीवर चेंडू सोडतो. नुसता हाताने, फळीच्या उतरणीवरून, प्रत्येक होलकडे आठ दिशांनी. चुरीवर तो जोरात पळतो हे धरून चाला, वेगाकडे बघायचं नाही, वाट बघायची. मध्येच उडाला, थरथरला किंवा कारण नसताना वळला की तिथे खडूने फुली. एका घरी अशा एकतीस फुल्या मारल्या होत्या. मालक म्हणाले, वर गवत येणारच आहे की. पण ते गवत अर्ध्या इंचाचं असतं, त्याखाली काहीही झाकलं जात नाही.

कप तीन पुरेत. पाच केलेत तर होलाकडे मारलेला प्रत्येक फटका (पट) दुसऱ्या एखाद्या होलवरून जाईल. नियमाचं होल सव्वाचार इंच व्यासाचं आणि निदान चार इंच खोल, बाजारातले कप त्याच मापाचे मिळतात. कडेपासून तीन फूट आत, दोन होलांत दहा फुटांच्या वर अंतर. कपला काँक्रीटची पातळ गळपट्टी द्यायची, आणि ती बेसच्या जाडीतच राहील, काळ्या मातीला शिवणार नाही एवढीच. कपखाली ओंजळभर स्वच्छ खडी, पाणी जिरायला. कपची कड चुरीच्या बरोबरीला किंवा चिमूटभर खाली, वर कधीच नाही.

गवत कोणतं? पटिंगसाठी दोन जाती चालतात. पॉलिप्रॉपिलीन, ज्यात चौरस फुटाला दोन-तीन पौंड सिलिका वाळू भरून पाती उभी करावी लागतात, आणि नायलॉन, दाट, कुरळ्या पात्यांचं, ज्याला वाळू लागत नाही किंवा नावापुरती लागते. कृत्रिम गवताला ॲस्ट्रोटर्फ हे नाव पडलं ते याच राज्यातल्या ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममुळे, १९६६ साली, आणि ते नायलॉनच होतं. वाळू भरलेल्या ग्रीनवर लांबून उचललेला चेंडू खऱ्यासारखा बसतो, वेग हवा तसा लावता येतो, नायलॉनपेक्षा स्वस्तही. दुसऱ्या मातीवर मी तेच सुचवलं असतं. पण तुमच्या जमिनीवर नायलॉन. कारण एकच, ते उचलता येतं. तीन-चार वर्षांनी एखादा कोपरा बसला तर कडेचे खिळे काढायचे, सतरंजीसारखं गुंडाळायचं, चुरी टाकून दाबायची, परत पसरायचं. वाळू भरलेल्या ३८० फुटांत साडेनऊशे पौंड वाळू पात्यांत अडकलेली असते, ती घेऊन कोण उचलणार? लांबून चेंडू उचलून मारायची (चिप) फार हौस असेल तर किनारीवरून मारा, आणि चेंडू पडेल तेवढ्याच भागाखाली पातळ फोम घाला.

टर्फ उलगडून तासभर उन्हात पडू द्या, सुरकुत्या जातात. मग गालिचावाल्यांच्या नी-किकरने ताणत पाच-सहा इंची खिळे फक्त कडेला, दर पाच इंचांवर, पाती बाजूला सारून. चेंडूच्या वाटेवर खिळा नको. किनारीच्या लांब पात्यांचं गवत ग्रीनला पट्टी आणि गोंदाने जोडा, पण घरापासून लांबची एक बाजू बिनगोंदाची, नुसती खिळ्यांची ठेवा. ते तुमचं दार. होलवर आधी बोटाने कप चाचपून मध्यावर फुली कापा, कड धरून आतून थोडं थोडं गोल छाटत या. पातं नवीन हवं, दर होलला बदला. एका झटक्यात गोल कापायला गेलात की कुठेतरी दोन दोरे ओढले जातात, आणि मग रोज सकाळी चहा घेताना तेच दिसतात.

वेग मोजायला स्टिंपमीटर. १९३५ साली ओकमाँटची यूएस ओपन पाहून एडवर्ड स्टिंपसनने बनवलेली ही खाचेची पट्टी यूएसजीएने, म्हणजे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, सत्तरच्या दशकात स्वीकारली. तीन फुटांची पट्टी, खाचेत चेंडू ठेवून एक टोक हळूहळू उचलायचं, वीस-एक अंशांवर चेंडू सुटतो, किती फूट गेला ते मोजायचं. तीन चेंडू, दोन्ही दिशांनी. अंगणात खरी सपाटी सापडत नाही, म्हणून उताराने आणि चढाने आलेल्या आकड्यांचा गुणाकार करा, त्याची दुप्पट करा, आणि दोन्हींच्या बेरजेने भागा. उताराने तेरा, चढाने आठ आला तर वेग जवळजवळ दहा. नुसती सरासरी काढली तर साडेदहा येते आणि माणूस उगाच खूश होतो. रोजच्या कोर्सवर आठ ते दहा असतो, तेवढाच ठेवा. फील्ड्स रँच या गोल्फ कोर्सवर २०२७ ची पीजीए चॅम्पियनशिप तुमच्या गावातच आहे म्हणून अंगणात तेरा करायला जाऊ नका. वेग जास्त वाटला तर झाडूने पाती उलट दिशेला उभी करा, कमी वाटला तर रोलर फिरवा.

नंतरची निगा फार नाही. पानं फुंकायची, महिन्याने झाडू. एकच पथ्य, स्प्रिंकलर. ग्रीनच्या एका बाजूला लॉन रोज भिजतंय आणि दुसऱ्या बाजूला कोरडं दगड, असं झालं की ओली कड फुगते आणि ग्रीन तिरकं होतं. ग्रीनमध्ये येणारे फवारे बंद करा, भोवतीच्या चारही बाजूंना सारखं पाणी मिळेल असे बाकीचे लावा, आणि उन्हाळ्यात पायाच्या नळीसोबत ग्रीनच्या कोरड्या कडेलाही एक नळी सोडा.

पैशांचं बोलायचं तर पूर्ण काम बाहेरून करून घेतलंत तर या भागात चौरस फुटाला पंधरा ते तीस डॉलर मागतात. वरचा आकडा ऐकून बिचकू नका आणि खालचा ऐकून हुरळू नका. दोघांनाही एवढंच विचारा की तळाला उतार किती देणार, कापड कोणतं, पाइप कुठे निघणार, कप कशात बसवणार. ज्याला पाइपचं उत्तर देता येत नाही त्याच्याशी पुढे बोलू नका. मधला मार्गही आहे: खोदाई आणि खडीचा थर यंत्रवाल्याकडून एका दिवसात करून घ्या, चुरीपासून पुढे तुम्ही आणि एखादा मित्र. चार शनिवार-रविवार लागतील, त्यातले दोन नुसत्या चुरीला.

चुरी दाबून झाली की टर्फ अंथरायच्या आधी नळीने सगळीकडे पाणी मारा, पंधरा मिनिटं थांबा आणि मग चारही कोपऱ्यांतून फोटो काढून मला पाठवा. जिथे पाणी चकाकत राहिलंय तिथे अजून काम आहे.